जिन्याखालचा डबा: कर्मचाऱ्यांचा आपलेपणा कवितेतनं कसा बघायचा

मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा. आमच्या सीमाभागातल्याच एका विद्यापीठात त्या शिकवतात, आणि कर्मचाऱ्यांना कामाच्या ठिकाणी आपलेपणा वाटतो का नाही याचा अभ्यास करायचं काम त्यांच्या गळ्यात पडलंय. गुगल फॉर्म पाठवून झाला, त्यात सगळ्यांनी पाचातले चार मार्क देऊन हात झटकले, म्हणून आता त्यांना कविता वापरून बघायचीय. खरं (आमच्याकडं 'पण'ला असंच म्हणतात) सहकारी म्हणतात, कविता म्हणजे काय डेटा आहे का, आणि क्लार्क-अटेंडर लोकांना कविता कुठं येते. तर कसं करायचं?

मी बेळगावात वीसेक वर्षं मराठी शिकवतोय आणि त्यातली आठ-नऊ वर्षं असल्या बैठका घेतोय, कॉलेजांत, एका विद्यापीठात, एकदा बँकेतसुद्धा. तेव्हा जे चुकलं ते आधी सांगतो, कारण जमलेलं सगळं त्या चुकांतनंच आलंय.

पहिली बैठक मी 'सीमा' या शब्दावर घेतली होती. वाटलं आपण सीमाभागातली माणसं, याच्याइतका चांगला विषय कुठला मिळणार. झालं काय, तर पहिल्या पाच मिनिटांत एकानं १९५६ ची राज्यपुनर्रचना काढली, दुसऱ्यानं बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल, तिसऱ्यानं सीमावादाची २००४ ची सुप्रीम कोर्टातली केस, आणि समोर बसलेले दोन कन्नड सहकारी गप्प होऊन पेन बंद करून बसले. दीड तासात कामाबद्दल एक ओळ नाही. ज्याला जे भाषण पाठ होतं ते त्यानं केलं, आणि लिहिलेल्या कवितासुद्धा भाषणंच होती, फक्त ओळी तोडलेल्या. मला कुणी दोष दिला नाही, खरं चूक माझीच होती. बेळगावात मोठा शब्द दिला की मोठंच उत्तर येतं, ते आधीपासून तयार असतंय.

'आपलेपणा म्हणजे तुम्हाला काय वाटतं' हा प्रश्नही तसलाच. असं विचारलं की ज्ञानाचं मंदिर, एक परिवार, वटवृक्षाची सावली, हेच येणार. निवृत्तीच्या समारंभात जे बोलतात ते. लोक खोटं बोलत नसतात, तुम्ही ज्या उंचीवरनं विचारलं त्या उंचीवरनं उत्तर देतात एवढंच.

म्हणून वस्तू विचारा. मी पुढच्या बैठकीला तीनच प्रश्न नेले. तुम्ही डबा कुठं खाता? पावसाळ्यात ओली छत्री कुठं ठेवता? (आमच्याकडं जून ते सप्टेंबर हा प्रश्न चेष्टेचा नाही.) आणि या कॅम्पसवर तुमच्या नावानं काय आहे, म्हणजे कपाट, किल्ली, खुर्ची, दारावरची पाटी, काहीही. यातला एक घ्या, दहा मिनिटं लिहा, जमलं तर ओळी तोडा, नाही जमलं तर सरळ लिहा. लिहिणं नको असलं तर बोला, मी टिपून घेतो.

त्या बैठकीतला एक नमुना जरा जवळनं दाखवतो, कारण ही पद्धत कुठं उपयोगी आणि कुठं धोक्याची हे दोन्ही त्यातनं कळतं. एक अटेंडर मामा होते, पंचवीसेक वर्षं नोकरी. लिहायला नको म्हणाले, बोलले. मी त्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड केलं. नंतर त्यांच्याच शब्दांतली कविता केली ती अशी:

सकाळी साडेआठला येतो.
बावीस खोल्या.
सगळी कुलपं मीच काढतो.
सायबांची खोली, मॅडमची खोली,
मिटिंगची खोली.
डबा जिन्याखाली खातो की.
तितं कुलूप नाही.

मी खूष. शेवटची ओळ बघा, असं वाटलं सगळा अभ्यास या एका ओळीत आला. बावीस किल्ल्या आहेत खरं स्वतःची खोली नाही, वगैरे वगैरे, मनात पेपरचा सारांशसुद्धा लिहून झाला. आठवड्यानं मामांना वाचून दाखवली. त्यांनी नीट ऐकली, मग म्हणाले, "सर, हे शब्द माझेच हाईत, खरं असं मी बोललो नव्हतो. तितं वारा लागतोय म्हणून जातो आम्ही. मी, ड्रायव्हर आण्णा आणि झाडू मारायला येतात त्या आक्का, तिघं. वर स्टाफरूममधे बसा म्हणाले होते मॅडम, आम्हालाच नको."

रेकॉर्डिंग परत ऐकलं तर वाऱ्याचं वाक्य होतं त्यात, मीच गाळलं होतं. माझ्या डोक्यात बिचाऱ्या मामांची गोष्ट आधीच तयार होती आणि मी त्यांचे शब्द घेऊन ती शिवली. मग आम्ही दोघांनी बसून शेवट बदलला: "डबा जिन्याखाली खातो. / तितं वारा लागतो. / तितं आम्ही तिघं." आता कविता तेवढी टोकदार राहिली नाही, टाळ्या पडायच्या नाहीत, खरं अभ्यासाच्या दृष्टीनं ही जास्त मोठी गोष्ट सांगते. आपलेपणा नव्हता असं नाही, तो खोल्यांत नव्हता, जिन्याखाली होता, आणि तो प्रशासनानं दिलेला नव्हता.

तर मॅडम, पहिला नियम हाच. बोललेल्यातनं कविता करायची असेल तर शब्द त्यांचेच, आपला एकही नाही. क्रम बदलला चालतो, एखादी ओळ दोनदा आली तरी चालते. खरं काय काय गाळलं ते बाजूला लिहून ठेवायचं आणि ज्याचं आहे त्याला वाचून दाखवल्याशिवाय ती कविता तयार झाली असं म्हणायचंच नाही. हे माझ्या मनचं नाही. लॉरेल रिचर्डसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका अविवाहित आईची मुलाखत कवितेच्या रूपात मांडली आणि १९९२ च्या सुमारास त्यावर लिहिलं तेव्हा समाजशास्त्रवाल्यांनी असेच डोळे मोठे केले होते. १९९७ मधे कोरिन ग्लेस्नी यांनी पोर्तो रिकोतल्या एका ज्येष्ठ अध्यापिकेच्या मुलाखतींतनं तिच्याच शब्दांची कविता केली आणि त्याचे नियमही सांगितले. शब्द तिचेच हवेत, मुलाखतीत कुठूनही उचला खरं बोलण्याची लय मोडायची नाही. म्हणजे 'कविता काय डेटा आहे का' म्हणणाऱ्यांना सांगा, हा वाद तीस वर्षं जुना आहे, तुम्ही जरा उशिरा आलाय.

दुसरी युक्ती मराठीत फार भारी चालते. कॅरल गिलिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाखत ऐकायची एक पद्धत काढली, त्यात माणूस 'मी' म्हणून जे जे क्रियापद वापरतो तेवढंच क्रमानं उचलून ओळीखाली ओळ लिहायची, म्हणजे मी-कविता. इंग्रजीत 'आय' शोधणं सोपं. मराठीत आपण 'मी' म्हणतच नाही बऱ्याचदा, क्रियापदातच ते असतं, त्यामुळं आपल्याकडं क्रियापदच धरायचं, आणि मधे कर्ता बदलला तर तेही. एका गेस्ट लेक्चरर बाईंची मुलाखत होती, चाळीस मिनिटांची, चांगल्या मजेत बोलत होत्या, कुठं तक्रार नाही. क्रियापदं उचलली तर हे आलं:

शिकवते. घेते. तपासते.
भरते. देते. विचारते.
थांबते.
कळवतील. बोलावतील.
थांबते.

सुरवातीला सगळं 'मी', आणि पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचा विषय आला की क्रियापद 'ते'चं झालं. कोण ते? नाव नाही. त्यांनाच हा कागद दाखवला तर बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "मी एवढ्या वेळा थांबते म्हणाले?" दरवर्षी नव्यानं ऑर्डर येते, सुट्टीत पगार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. खरं त्यांच्या बोलण्याच्या व्याकरणात ते कुठं जाऊन बसलंय हे गुगल फॉर्म कधी दाखवणार नाही.

आता माझ्या आवडीच्या जागेवर येतो, जरा लांबण लागेल. आपल्या मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. आपण म्हणजे ऐकणारासुद्धा त्यात, आम्ही म्हणजे ऐकणारा बाहेर. जगातल्या कितीतरी भाषांत ही सोय नाही, इंग्रजीत नाही, आणि आजच्या बोली कन्नडमधेही दोन्हीला 'नावु'च. आपलेपणाचा अभ्यास करणाऱ्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे, 'आपलेपणा' या शब्दातच 'आपला' आहे. त्यामुळं कविता हातात आली की मी पहिल्यांदा पेन्सिल घेऊन हे शब्द गोल करतो आणि बघतो की कुठल्या ओळीला आपणचं आम्ही झालं. एका गेस्ट लेक्चररच्या कवितेत 'आपल्या विभागाचा निकाल' होता, 'आपली लायब्ररी' होती, आणि चौथ्या ओळीत स्टाफचा ग्रुप फोटो आला तिथं 'आम्ही फोटो काढला', म्हणजे मोबाईल धरून दुसऱ्यांचा काढून दिला. तीन ओळी आत आणि चौथीला बाहेर. फक्त एका सर्वनामावर.

खरं हे मोजत बसू नका. एवढे आपण, एवढे आम्ही, असा तक्ता करायचा मोह होतो आणि मीही एकदा केला होता, फाडून टाकला. कारण 'आपणांस कळविण्यात येते की' मधला आपण म्हणजे तुम्ही, आणि 'आपण काय कुणाला घाबरत नाही' मधला आपण म्हणजे नुसता मी. शिवाय कन्नडमधे विचार करणारा माणूस मराठी बोलताना नावुचं भाषांतर करतो, त्याचं आम्ही म्हणजे तुम्हाला बाहेर काढलं असं नसतं. विचारायचं, "ह्यात कोण कोण आलं?" एवढाच प्रश्न. त्या एका प्रश्नावर एकदा वीस मिनिटं बोलणं झालंय.

भाषेचं काय करायचं, हा तुमचा उपप्रश्न होता. सरळ विचारू नका, ती आपोआप येते, बाजूच्या दारानं. बैठकीत सांगायचं, मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू, इंग्रजी, मिसळ, ज्यात येईल त्यात लिहा. आणि कन्नड कविता कन्नडमधेच वाचू द्या, लगेच भाषांतर करून मारू नका. आमच्या एका बैठकीत म्हैसूरकडनं बदली होऊन आलेले एक अधिकारी होते. मराठी लोकांना वाटायचं, यांना काय, यांचंच राज्य, यांना परकं कशाला वाटेल. त्यांनी चार ओळी लिहिल्या, त्याचा मतलब असा की खडेबाजारात दुकानदार मराठीत बोलतो ते समजत नाही, ऑफिसातले लोक इकडच्या कन्नडमधे बोलतात आणि माझ्या कन्नडला हसतात, रविवारी आईचा फोन येतो तेवढी वीस मिनिटं माझी भाषा. वाचून झाल्यावर खोली शांत. चंदगडहून रोज बसनं ये-जा करणारा एक क्लार्क होता, म्हणजे राहायला महाराष्ट्रात आणि हजेरी कर्नाटकात, तो म्हणाला, "सर, तुम्ही पण बसवालेच काय आमच्यासारखे." म्हैसूरचे सर हसले, त्यांना ते मराठी समजलं होतं. दोन राज्यांचं भांडण काही मिटलं नाही त्या दिवशी, खरं पुढच्या आठवड्यापासून दोघं एकत्र चहाला जायला लागले.

'क्लार्क लोकांना कविता येत नाही' याचं उत्तर ओवीत आहे. आमच्या भागातल्या पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही बाईला विचारा, आईची नाहीतर आज्जीची जात्यावरची ओवी कानात असतेच. कन्नड घरातल्या बायकांना दळणाची त्रिपदी माहीत असते, तीन ओळींची. दोन भाषा, जातं एकच. आणि ओवीची गंमत अशी की सासूबद्दल जे तोंडावर बोलता येत नाही ते जात्याला सांगता येतं. सासूच्या जागी ऑफिस ठेवा, काम झालं. एका बैठकीत बायकांना एवढंच सांगितलं की ऑफिसातल्या एका वस्तूला सई, म्हणजे मैत्रीण, म्हणून हाक मारा. हाऊसकीपिंगच्या एक आक्का पाचव्या मिनिटाला म्हणाल्या:

मशीनबाई माझी सई, रोज बोट ओळखिती
बारा वर्सं झाली गं बाई, सायेब नाव विचारिती

हजेरीचं बायोमेट्रिक मशीन. सगळ्या बायका हसून लोळल्या, मग पुढच्या चौघींनी त्याच चालीत आपापली जोडली. पीएचडी झालेल्या मॅडम मात्र कागद कोरा घेऊन बसल्या होत्या, मुक्तछंद जमतोय का बघत. उलट कविता 'येणाऱ्या' लोकांचीच जास्त भीती बाळगा. आमचे मराठी विभागवाले (मीही त्यातलाच) प्रतिमा वगैरे घालून इतकं छान लिहितात की त्यात माणूस सापडत नाही. आमच्याकडं कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशी गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, तिथं कविता वाचलेला एखादा असतोच बैठकीत, त्याला आधीच प्रेमानं सांगा की आज व्यासपीठ नाही. आणि नोकरी आणि कवितेचं काय नातं असं कुणी म्हणालंच तर इंदिरा संत याच गावात अध्यापक विद्यालयात नोकरी करत होत्या, प्राचार्य झाल्या, तेही सांगा.

ज्यांना अजिबातच सुचत नाही, विशेषतः पुरुष मंडळी, त्यांना एक जुनं सर्क्युलर आणि काळा मार्कर द्या. नको ते शब्द खोडायचे, उरेल ती कविता. एका एफडीएनं (म्हणजे ऑफिसातल्या फर्स्ट डिव्हिजन असिस्टंटनं) रजेचं इंग्रजी सर्क्युलर घेऊन सगळं खोडलं आणि ठेवलं एवढंच: द अंडरसाइन्ड, विल बी, अब्सेंट, विदाउट नोटीस. सही करणाराच गैरहजर. यात कविता किती आणि खोडी किती ते सोडा, त्या माणसाला साहेब किती दिसतात हे कळलं.

बाकी व्यवस्थेचं पटकन सांगतो. आठ ते दहा माणसं, बारा म्हणजे गर्दी. दीड तास. पहिल्या बैठका वेगवेगळ्या घ्या, अटेंडर आणि हाऊसकीपिंग एक, ऑफिस एक, गेस्ट आणि कायम प्राध्यापक शक्यतो वेगळे, मिसळायचं नंतर. ज्याच्या हातात कुणाचीही सीआर (गोपनीय अहवाल) किंवा नेमणूक आहे तो माणूस खोलीत नको, कितीही रसिक असला तरी. वाचून दाखवायची सक्ती नाही. आउटसोर्सवाल्यांना बोलवायला विसरू नका, त्यांचा पगार एजन्सी देते म्हणून ते स्टाफच्या यादीतच नसतात, तुमच्या गुगल फॉर्मच्या यादीतही नसणार, बघा एकदा. आणि त्यांचा तो दीड तास कामाचा धरला जाईल हे लेखी घ्या, नाहीतर कविता लिहिली म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार गेला असं व्हायचं.

आता जिथं मी कडक आहे ती गोष्ट. कविता ही सर्व्हेपेक्षा जास्त ओळखू येते. नाव काढलं म्हणून काय झालं, कॅम्पसवर बावीस खोल्यांच्या किल्ल्या एकाकडंच असतात. मामांची कविता मी इथं दिलीय ती त्यांना दोनदा विचारून, खोल्यांचा आकडा बदलून आणि ते निवृत्त झाल्यावर. संमती दोनदा घ्यायची, एकदा बैठकीच्या आधी आणि एकदा कविता पूर्ण झाल्यावर, कारण आधी माणसाला माहीतच नसतं आपण काय बोलणार आहोत. मूळ कागद त्याचा, तुम्ही झेरॉक्स ठेवा, आणि 'काढून टाका' म्हणाला की कारण न विचारता काढायची.

एका संस्थेत (नाव सोडा) आमच्या कविता वरपर्यंत गेल्या आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे नॅकच्या (म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेच्या) बेस्ट प्रॅक्टिसमधे घालूया. तेव्हा सातव्या निकषात दोन बेस्ट प्रॅक्टिस दाखवाव्या लागायच्या, त्यांना एक कमी पडत होती. वारली चित्रांची बॉर्डर घालून फ्लेक्स करायचं ठरलं, 'आमचा परिवार, आमच्या भावना'. गेस्ट लेक्चरर बाईंची 'थांबते' कविता त्या फ्लेक्सवर सुंदर दिसली असती. मी सगळे कागद परत मागितले, आणि ज्याचे त्याला देऊन टाकले. अहवाल अर्धा राहिला, पुढची दोन वर्षं मला तिथं कुणी बोलावलं नाही. चालायचंच. तुम्ही मात्र हे आधीच लिहून घ्या की कविता कुठं कुठं जाणार नाहीत, म्हणजे नोटीस बोर्ड, वार्षिक अंक, नॅकची फाईल, वेबसाईट.

मग अहवालात काय लिहायचं? कविता पुरावा म्हणून चिकटवायची नाही आणि 'यातनं असं सिद्ध होतं' म्हणायचं नाही. मी प्रत्येक कविता दोनदा मोठ्यानं वाचतो, एकदा स्वतः, एकदा दुसऱ्याकडनं वाचून घेतो, आणि तीन गोष्टी टिपतो: जागा कुठल्या आल्या, क्रियापद कुणाचं आहे, आणि बोलतोय कुणाला. दहा-बारा कविता झाल्या की जागांचा नकाशाच तयार होतो. आमच्या एका अभ्यासात जिना, पार्किंगमधलं झाड, झेरॉक्सची खोली आणि बसस्टॉप परत परत येत होते, आणि सेमिनार हॉल एकदाही नाही, जिथं दरवर्षी सगळ्या स्टाफचे कार्यक्रम होतात. एवढं लिहिलं तरी अहवाल भरपूर बोलतो. त्याला जोडून मागणी साधी ठेवा. आम्ही मागितलं होतं की झाडाखाली दोन बाक द्या आणि गेस्ट लोकांना एक कपाट. बाक आले, कपाट नाही आलं.

आणि चहा. पहिल्या बैठकीला चहा द्यायला मामाच आले होते, ट्रे घेऊन, आणि सगळ्यांना देऊन दाराशी उभे राहिले. आम्ही आत गोल करून आपलेपणावर बोलत होतो, ते माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं. तेव्हापासून चहा बाहेरच्या टपरीवरनं किटलीत मागवतो, सुरवातीलाच, किटली मधे ठेवायची आणि ज्याचा त्यानं ओतून घ्यायचा. साहेब लोकांकडनं थोडा सांडतो.